सड्यावर विमान पाळू इच्छिणाऱ्यांस

मंडळी, आनंदाची बातमी आहे. हवाई दलाची जुनी ॲव्रो विमानं आता सेवेतून जाणार. कानपूरला बनलेलं पहिलं ॲव्रो १९६१ साली उडालं, तेव्हापासून या जातीनं जवान वाहिले, ट्रंका वाहिल्या, मंत्रीही वाहिले. त्यांच्या जागी ५६ नवी सी-२९५ मालवाहू विमानं घ्यायचा करार २०२१ सालीच झालाय. म्हणजे उद्या लिलावात एखादं ॲव्रो निघालं, तर ते ठेवायला जागा लागणार. आणि तुमच्याकडे वडिलोपार्जित सडा आहे, म्हणजे कातळाचं माळरान, ज्यावर ना धड काजू धरत ना आंबा. मग वाट कसली बघताय? आमच्या शेजाऱ्यांनी आधीच आणलंय एक. त्यांनी केलेल्या हौसेतून आणि मी भोगलेल्या फळांतून चार सूचना देतो.

विमान आणायचं तर पंख कापून आणावं लागतं, कारण या टोकापासून त्या टोकापर्यंत ते तीस मीटर भरतात. पुढचं मुंबई-गोवा महामार्गावर सोडा, त्याबद्दल मी काही बोलत नाही. वाटेत पुलाखाली अडकलं तर खचून जाऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईहून आसामला निघालेलं एक भंगारातलं विमान बिहारमध्ये मोतिहारीला असंच पुलाखाली अडकलं होतं. देशभर फोटो छापून आले. फुकटची जाहिरात.

विमान जागेवर आलं की नारळ फोडा, पुढाऱ्यांना बोलवा. बॅनरवर विमानाचा फोटो लहान ठेवा, म्हणजे बाकीच्यांचे मावतात.

मग पाटी लावा: ‘विमानात बसून मालवणी थाळी. लवकरच!’ थाळीचं नंतर बघता येईल.

कुंपण घालू नका, त्याला पैसे पडतात.

आतल्या खुर्च्या पहिल्याच दिवाळीत विकून टाका.

देखभालीचा विषय कुणी काढलाच, तर ‘अल्युमिनियम आहे, गंजत नाही’ असं ठणकावून सांगा. खरंच आहे ते. तांबडा गंज येत नाही, पांढरा येतो. आमच्या शेजारच्या विमानाच्या पोटाखालून हात फिरवून बघा, बोटांना पिठूळ भुकटी लागते. खारा वारा रिबिटांच्या कडेनं आत शिरतो, पोलादी बोल्ट आणि अल्युमिनियम एकत्र ओले राहिले की आधी अल्युमिनियम खाल्लं जातं, आणि मग पत्रा चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखा सुटायला लागतो. विमानाच्या पोटाला पाणी निथळायला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकली आहेत. म्हणजे आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटर पाऊस वरून आत जातो आणि आतच राहतो. गोड्या पाण्यानं धुणं, भोकं मोकळी करणं, रंगाचा हात देणं वगैरे उद्योग करू नका. डासांची सोय जाते.

बांधून ठेवायच्या भानगडीतही पडू नका. आणल्यावर पंख परत जोडलेत ना, मग झालं. पंख हा प्रकार वाऱ्यानं उचलला जावा यासाठीच बनवलेला असतो, ही गोष्ट २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते ही चक्रीवादळं आपल्या किनाऱ्यावरून गेल्यानंतर आम्हाला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

आता कागदपत्रं. ही सूचना जरा लांबेल.

गेल्या महिन्यात वळीव आला. आमच्याकडे तो कसा येतो ते सांगायला नको. त्यात या विमानाच्या इंजिनावरचं झाकण सुटलं, आमच्यामधल्या दगडी गडग्यावरून उडालं आणि माझ्या कलमांत येऊन पडलं. आठ-दहा दिवसांत उतरवायचा आंबा, फळांनी लगडलेल्या दोन फांद्या खाली. शेजाऱ्यांकडे गेलो तर म्हणाले, “वाऱ्याक मी सांगलंय काय?” ग्रामपंचायतीत गेलो. तिथे म्हणाले, इमारत असती तर घरपट्टी लावली असती, नोटीस काढली असती, पण याला चाकं आहेत, म्हणजे हे वाहन. वाहनांच्या कार्यालयात गेलो. त्यांनी विचारलं, नंबर काय? मी शेपटावरचा नंबर सांगितला. ते म्हणाले, हा आमचा नव्हे. तलाठ्यांकडे गेलो, तर सातबाऱ्यावर त्या जागेपुढे ‘पडीक’ लिहिलेलं. बारा टन धातू उभा आहे आणि जमीन पडीक! बिगरशेती झालीये का, विचारलं. ‘सामाईक आहे, सगळ्या हिश्शेदारांच्या सह्या लागतील.’ हिश्शेदार निम्मे मुंबईत, एक दुबईत, दोघे देवाघरी, आणि जे उरलेत त्यातल्या एकाला आपल्या जमिनीवर विमान आहे हे माझ्याकडूनच कळलं. त्यानं पहिलं काय विचारलं? “भाडा किती येता?” पीकविम्याचं बघायला गेलो, तर अवेळी पाऊस बसतो, तापमान बसतं, विमानाचं झाकण बसत नाही. पोलिसांनी तेवढं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, झाकण तुमच्याकडे आहे ना? मग चोरीची तक्रार त्यांनी करायची की तुम्ही?

तर सूचना अशी, की विमान जरूर पाळा. इमारत नाही, वाहन नाही, झाड नाही, जनावर नाही. कुत्रा पाळलात तर निदान चावल्यावर कुणीतरी जबाबदार धरतं.

कुणी नाकं मुरडलीच, तर सरकारकडे बोट दाखवा. आपल्या सिंधुदुर्गात, निवतीच्या समुद्रात, नौदलाची निवृत्त विमानवाहू नौका विराट आणून ठेवायची होती, आठवतं? २०१८ साली मंत्रिमंडळानं ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली, संग्रहालय काय, साहसी पर्यटन काय! बंदरावर बसून आम्ही गाड्या कुठे लावायच्या यावर भांडून घेतलं. विराट २०२० मध्ये गुजरातेत अलंगला गेली, ३८ कोटी ५४ लाखांत, तुकडे व्हायला. त्याआधी तशीच विमानवाहू नौका विक्रांत मुंबईत भंगारात निघाली आणि तिचं थोडं पोलाद मोटारसायकलींच्या टाक्यांत गेलं. आता नौदलाची जुनी नौका गुलदार बुडवून त्याच निवतीत पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलंय. होवो बिचारं. निदान बुडवायचं आहे, हे काम आम्हाला जमतं.

वारसा म्हणून पाहायला येणाऱ्यांसाठीही एक सूचना: खिळा सोबत आणावा. पत्र्यावर नाव नीट उमटतं. परवा आत डोकावलो. जिथे जवान पाठीला पॅराशूट बांधून बसायचे, तिथे बाटल्या, बदामात बाण, कुणाची तरी नावं, आणि कोपऱ्यात जे होतं ते इथे लिहीत नाही. बाहेर मात्र शेपटावरचा तिरंगा २६ जानेवारीला नवा रंगवलेला. त्याखाली भोक पडलंय ते तसंच. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं पंखावर चढलेलं. उतरा म्हटलं तर मालकाचा पुतण्या मलाच म्हणतो, “काका, तुमच्या पोटात कित्या दुखता?”

दुखतं रे बाबा! का दुखू नये? तू त्याच्यासमोर उभा राहून सेल्फी काढतोस, खाली ‘जय हिंद’ लिहितोस आणि त्याच्याच पोटात लघवी करतोस. लाज नाही वाटत?

आणि खाऱ्या हवेला दोष देऊ नका. गोव्यात बोगमाळोला, समुद्राच्या काठावर, नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उघड्यावरच उभं आहे, आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, मग नौदलाचं. त्याला बघणारी माणसं आहेत, म्हणून आहे. आयर्लंडमध्ये भंगारात पडलेलं डाकोटा विमान एका खासदारानं स्वतःच्या पैशानं दुरुस्त करून घेतलं, वडील डाकोटाचे वैमानिक होते म्हणून. २०१८ मध्ये ते स्वतः उडत भारतात आलं आणि हवाई दलाला मिळालं. नाव परशुराम! आणि आपण परशुरामाच्या भूमीतले म्हणवणारे, चिपीच्या विमानतळावर पुरेशी विमानं नाहीत म्हणून बोंब मारतो आणि दारात आलेलं विमान कुजवतो.

पैसे नव्हते तर आणलंत कशाला? हॉटेल काढायचं नव्हतं तर पाटी कशाला? लिलावात बोली लावताना छाती फुगली होती, आता महिन्याला एक माणूस ठेवून धुऊन घ्यायला हात आखडतो. गावानंही नारळाच्या दिवशी वडे खाल्ले आणि घरी गेलं. कुणी विचारलं नाही, आतलं तेल काढलंय का, जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम आहे का, पोरं आत जातात ती काय हाताळतात. मीही तेव्हा वडेच मोजत होतो म्हणा, पण विमान माझं नव्हतं.

सांभाळायचं असेल तर या आठवड्यात चार कोपऱ्यांत कातळात हुक मारा, पोटाची भोकं उघडा, दाराला कुलूप लावा. जमत नसेल तर एखाद्या अभियांत्रिकी कॉलेजला देऊन टाका, पोरं शिकतील. तेही होत नसेल तर भंगारवाला बोलवा. ट्रकला वाट नाही म्हणून रडू नका. गडगा मी काढून देतो, माझ्या कलमांतून न्या. पण मृगाच्या आधी न्या.