"कमिटी म्हणेल तेच फायनल" हा फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय, वर "सर्व सभासदांनी वाचावे" असं लिहिलेला. त्यात म्हणणं असं की सोसायटी खाजगी संस्था आहे, कमिटी ठरवेल ते फायनल, हिशोब फक्त एजीएमला (वार्षिक सर्वसाधारण सभेला) बघायचा, फ्लॅट विकायला एनओसी (ना हरकत दाखला) आणि डोनेशन लागणारच, भाडेकरू ठेवायला परवानगी आणि चार्ज कमिटी सांगेल तेवढा, मेन्टेनन्स थकला तर पाणी तोडता येतं, आणि पटत नसेल तर फ्लॅट विकून जा. लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतात आणि मागतील तेवढे पैसे भरून टाकतात, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं जास्त, म्हणून मला हे गप्प बसून बघवत नाही.

पहिलं, "खाजगी संस्था". आपली सोसायटी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, २०१९ ला तर त्यात फक्त गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं. अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो, कमिटीचा नाही, आणि सभेलासुद्धा कायदा आणि नोंदलेल्या उपविधींच्या (सोसायटीच्या नियमावलीच्या) बाहेर जाऊन ठराव करता येत नाही. एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागितली तर कमिटीला महिन्याभरात विशेष सभा लावावी लागते, हे किती जणांना माहितीये? (तुमची बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदली असेल तर १९७० चा वेगळा कायदा लागतो, तेव्हा आधी ते बघून घ्या.)

हिशोबाचं. त्याच १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ३२ वाचा. उपविधी, ऑडिट झालेला ताळेबंद, सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचं आणि कमिटी मीटिंगचंही इतिवृत्त, स्वतःच्या खात्याच्या नोंदी, हे सगळं ऑफिसच्या वेळेत फुकट बघता येतं आणि फी भरून कॉपी मिळते. सेक्रेटरीची मर्जी लागत नाही. उलट बाजूनं "आरटीआय टाका" असाही सल्ला फिरतो, तोही थेट चालत नाही, कारण सरकारी नियंत्रणाखाली नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकार कायद्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलंय.

आता जिथे सगळ्यात जास्त लूट होते तो मुद्दा, फ्लॅटची विक्री. सरकारनं नमुना म्हणून दिलेल्या आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय की शेअर्स आणि हक्क ट्रान्सफर करायला सोसायटीच्या एनओसीची गरज नाही. बँक मागते म्हणून आपण एनओसी मागतो, तेव्हा कमिटीनं महिन्याभरात अर्जाचा विचार करायचा असतो, त्यावर सौदा करायचा नसतो. ट्रान्सफर प्रीमियमला (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेला) ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानं मर्यादा घातलीये, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये, लहान गावात त्याहून कमी, ग्रामपंचायतीत तर ५,०००. त्यावर डोनेशन, बिल्डिंग फंड, "स्वेच्छेनं मदत" असल्या कुठल्याही नावानं पैसे घ्यायला मनाई आहे. आणि घरातल्या माणसाच्या, नॉमिनीच्या किंवा वारसाच्या नावावर फ्लॅट होत असेल तर प्रीमियम लागतच नाही. नवरा गेल्यावर फ्लॅट नावावर करायला आलेल्या बाईकडे पंचवीस हजार मागणाऱ्या कमिट्या आहेत, आणि ती बिचारी भरतेसुद्धा, कारण तिला कोणी सांगितलेलंच नसतं!

भाडेकरूंचंही तेच. आदर्श उपविधींप्रमाणे आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी द्यायची. नॉन ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा) सर्व्हिस चार्जच्या, म्हणजे बिलातल्या पगार, ऑफिस खर्च वगैरे भागाच्या, १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हाही २००१ चाच आदेश, आणि २००७ मध्ये मुंबई हायकोर्टानं तो कायम ठेवला. नीट बघा, १० टक्के सर्व्हिस चार्जचे, पूर्ण बिलाचे नाहीत. म्हणजे बिल ४,००० चं आणि त्यात सर्व्हिस चार्ज १,५०० असेल तर १५० रुपये. भाड्याच्या दहा टक्के मागणारे जे आहेत त्यांना तसा कुठला आदेश आहे ते दाखवायला सांगा. फ्लॅटमध्ये आपलाच मुलगा, विवाहित मुलगी किंवा आईवडील राहत असतील तर हा चार्ज लागूच नाही.

पाणी तोडणं, लिफ्ट बंद करणं, हे अधिकार कमिटीला नाहीत. थकबाकीसाठी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडून वसुली दाखला (थकलेले पैसे वसूल करायचा आदेश) घ्यायचा असा रस्ता कायद्यानं दिलाय. पण इथे सभासदांनाही सांगायचंय, भांडण आहे म्हणून मेन्टेनन्स थांबवू नका, थकबाकीदार ठरलात तर मताचा हक्क जातो आणि तुमची खरी तक्रारही हलकी पडते. बिल चुकीचं वाटलं तर "हरकत राखून भरत आहे" असं लेखी देऊन भरा. व्याज मात्र तपासा, २०१४ च्या आदर्श उपविधींत कमाल २१ टक्के आणि तेही सरळव्याज, चक्रवाढ नाही.

दाद मागायची तर सभासदत्व नाकारणं, कागदपत्रं न दाखवणं, सभा न घेणं यासाठी उपनिबंधक (मुंबईत वॉर्डाप्रमाणे ऑफिसं आहेत), आणि ठरावाला आव्हान, जास्त घेतलेले पैसे असले वाद त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. त्याआधी कमिटीला लेखी अर्ज द्या, दोन प्रतीत, एकीवर तारखेसकट पोच घ्या, आणि सेक्रेटरी पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपून ठेवा, कारण उपनिबंधकाच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो की सोसायटीला कधी कळवलं होतं.