आठवीतल्या पोरीला "एकच गेम निवड" म्हणणाऱ्यांनी ही बाई बघा

हेली विकनहायझर हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत असायचं कारण नाही, ती खेळली आइस हॉकी आणि आम्हा ठाणेकरांना बर्फ दिसतो तो मासळी बाजारात. पण ज्यांच्या घरात खेळणारी मुलगी आहे त्यांनी हिचं करिअर एकदा नीट वाचाच. कॅनडाची. १९९८ ला नागानो ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीचं सिल्व्हर, मग २००२, २००६, २०१० आणि २०१४, लागोपाठ चार गोल्ड. आणि मधेच २००० साली काय केलं तर सिडनीला जाऊन कॅनडाच्या सॉफ्टबॉल (बेसबॉलसारखाच गेम) टीममधून ऑलिंपिक खेळून आली! सॉफ्टबॉलमध्ये मेडलच्या जवळपासही नव्हते ते, टीम तळालाच राहिली. मला या सगळ्यात तोच भाग जास्त आवडतो. कारण दीड वर्षाने हीच बाई २००२ च्या ऑलिंपिकला बर्फावर उतरली, गोल्ड आणलं आणि वर त्या स्पर्धेची सगळ्यात भारी प्लेयर म्हणून तिचंच नाव. म्हणजे सॉफ्टबॉलने तिच्या हॉकीचं काय वाकडं केलं ते मला कोणीतरी सांगा.

हे सगळं लिहायला बसले कारण माझी भाची. ऐरोलीला राहते, आठवीत आहे, शाळेतून हॉकी पण खेळते (आपली मैदानावरची) आणि सॉफ्टबॉल पण. आणि आता तिला सांगण्यात आलंय की दिवाळीच्या आत ठरव, दोन्ही डगरींवर हात ठेवून चालायचं नाही. सांगणारे सर वाईट नाहीत हां, उलट पदरचे पैसे घालून पोरांना स्पर्धेला नेणारा माणूस आहे. पण त्यांचं म्हणणं असं की हॉकी खेळून खेळून हिचे हात खाली राहतात आणि बॅट खालून वर येते. असेलही. दोन्हीची प्रॅक्टिस आलटूनपालटून असली की आठवडाभर गोंधळ होतो तिचा, मी स्वतः बघितलंय. पण सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, उभी असते ४३ फुटांवर, ताशी शंभर किलोमीटरने टाकलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत तुमच्यापाशी येतो, तेवढ्यात मारायचा की सोडायचा हे ठरवायचं असतं. ती नजर आणि तो पहिला झटका हॉकीत कामाला येत नाही असं कोण म्हणेल? आमच्याकडे तर हॉकीपण मातीवर, बॉल कधी उसळेल सांगता येत नाही, त्यामुळे पोरीचे रिफ्लेक्स आपोआपच तयार झालेत.

आणि जीव किती आहे तिचा ते बघा. नवीन ग्लोव्ह घेतला तर लेदर कडक, बोटं मिटतच नव्हती. हिने रोज रात्री त्याला खोबरेल तेल चोळायचं, मधे बॉल ठेवायचा, आईच्या जुन्या ओढणीने करकचून बांधायचा आणि गादीखाली ठेवून वर स्वतः झोपायचं. ताई वैतागली, चादरीला तेलाचे डाग! आता तो ग्लोव्ह असा मऊ झालाय की हातात घातला की बॉल आपणहून बसतो. अशा पोरीला यातलं एक सोड म्हणून सांगायचं?

बरं, कॅनडात हे जमतं कसं? टॅलेंट, सोयी, पैसा हे सगळं आहेच, पण एक साधी गोष्ट आपण विसरतो. तिकडे हॉकी थंडीतली आणि सॉफ्टबॉल उन्हाळ्यातला. सीझनच वेगळे. पोरगी मार्चपर्यंत स्केट्सवर असते, मग स्केट्स टांगून ग्लोव्ह काढते, कोणाला काही विचारायला लागत नाही. आपल्याकडे काय होतं, जून ते सप्टेंबर मैदानाचं तळं, शाळेच्या पॅसेजमध्ये दोरीच्या उड्या मारत बसा, आणि पाऊस आटोपत आला की सगळ्या खेळांच्या शालेय स्पर्धा एकावर एक येऊन आदळतात. गेल्या वर्षी भाचीची हॉकीची मॅच आणि सॉफ्टबॉलची मॅच एकाच आठवड्यात, त्यात सहामाहीचे पेपर. मग साहजिकच सगळे म्हणणार एक निवड. याला मी कोचिंग म्हणत नाही, हा टाइमटेबलचा घोळ आहे आणि भुर्दंड मात्र पोरीला.

आता तर क्रिकेटची भर पडलीय. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला, त्यानंतर आमच्या सोसायटीत ज्यांनी मुलीला कधी खाली खेळायला सोडलं नाही तेसुद्धा अ‍ॅकॅडमीच्या फीया विचारायला लागले. चांगलंच आहे, मी पण त्या रात्री घसा बसेपर्यंत ओरडलेय. पण त्याच मैदानावरची सेमीफायनल आठवा. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग करताना नाबाद १२७ मारणारी आपली जेमिमा रॉड्रिग्ज लहानपणी महाराष्ट्राच्या ज्युनियर हॉकी टीममध्ये होती. आणि समोरून ७७ मारणारी एलिस पेरी ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेटचे वर्ल्ड कप तर खेळलीच, पण २०११ चा फुटबॉलचा वर्ल्ड कपसुद्धा खेळलीय आणि त्यात गोलही मारलाय. एकाच मॅचमध्ये अशा दोघी! पेरीलाही मधे एका फुटबॉल क्लबने क्रिकेटआधी आमचा फुटबॉल म्हणून धरलं होतं, ती क्लब बदलून मोकळी झाली.

विकनहायझरचंही सगळं ताटात वाढून आलं नव्हतं. लहानपणी मुलींच्या टीमच नव्हत्या, मुलांत खेळली. पुढे पुरुषांच्या लीगमध्ये खेळायचं ठरवलं तर इटलीत फेडरेशनने सांगितलं बायका चालणार नाहीत, मग ती फिनलंडला गेली आणि २००३ मध्ये तिथे गोलही केला. पुरुषांच्या प्रोफेशनल हॉकीत गोल करणारी पहिली बाई. आणि बायकांच्या हॉकीत तेव्हा अंगावर जाऊन धडक मारायला बंदी होती, पुरुषांच्यात ती सर्रास चालते, म्हणजे काय खाल्लं असेल तिने विचार करा.

आपल्याकडचा खरा अडथळा मात्र दहावी. सवलतीचे गुण मिळेपर्यंत खेळ, मग क्लास. किंवा नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणाचा हिशोब. मी त्याला नावं ठेवणार नाही, फलटणसारख्या ठिकाणाहून वैष्णवी फाळके भारताच्या हॉकी टीमपर्यंत गेली ती काय हौस म्हणून? घरची परिस्थिती असते, हिशोब करावाच लागतो. पण "खेळ की अभ्यास" हा प्रश्न ज्या थाटात विचारतात त्याची चीड येते. विकनहायझर २०१७ ला अडतिसाव्या वर्षी रिटायर झाली आणि मग मेडिकलला गेली. शिकता शिकता टोरोंटो मेपल लीफ्स या एनएचएलच्या (अमेरिका-कॅनडातली पुरुषांची मोठी आइस हॉकी लीग) टीममध्ये नोकरी, २०२१ ला डॉक्टर, २०२२ ला त्याच टीमची असिस्टंट जनरल मॅनेजर. आपल्याकडे अडतिसाव्या वर्षी बाईने अ‍ॅडमिशन घेतली तर शेजारचे विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना.

आणि कॅनडा लांब आहे म्हणणाऱ्यांसाठी, ही बाई २०१८ ला लेहला येऊन गेलीय. तिथल्या मुली तळ्यावर बर्फ धरतो तेवढे दोनेक महिने खेळतात, बाकी वर्षभर बर्फ नाही. तिने त्यांना शिकवलं आणि त्याच वर्षी भारताच्या मुलींच्या आइस हॉकी टीमला कॅनडात कॅल्गरीला तिच्या हॉकी फेस्टिव्हलला बोलावलं. २०२५ मध्ये त्याच भारतीय टीमने आशिया कपला ब्राँझ घेतलं. दोन महिन्यांच्या सीझनवर!

तर सरांना मी भेटणार आहे. "दोन्ही खेळू द्या" एवढंच म्हणणार नाही, कारण त्यांचीपण अडचण आहे, दोन टीम आणि एकटा माणूस. माझा प्रस्ताव साधा आहे, जूनपासून गणपतीपर्यंत हॉलमध्ये सॉफ्टबॉलचं थ्रोइंग, कॅचिंग आणि फिटनेस, मैदान वाळलं की हॉकी, आणि स्पर्धेच्या आदल्या पंधरवड्यात फक्त ज्याची स्पर्धा तोच गेम. तारखा एकमेकांवर येऊ नयेत म्हणून वेळापत्रक लावणाऱ्यांना पालकांच्या सहीचा अर्ज द्यायचाय. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, कुठलेही असा, ज्यांची मुलं दोन खेळ खेळतात आणि या तारखांच्या भानगडीत अडकलीत त्यांनी कमेंटमध्ये फक्त खेळ आणि इयत्ता लिहा. "आमच्या वेळी असले लाड नव्हते" वाल्यांनी कृपया पुढे जावे.