गोव्यात बीचवर बसून बिअर चालते? नाही चालत

सुट्ट्या आल्या की तो मेसेज परत फिरायला लागतो, की गोव्यात दारूला बंदी नाही त्यामुळे दुकानातून बाटली घ्या, वाळूवर बसा, कोणी काही बोलू शकत नाही. हे साफ चुकीचंय, आणि आपल्याकडची कॉलेजची पोरं यावर विश्वास ठेवून जातात म्हणून लिहितोय.

दुकानात विकत मिळते म्हणजे कुठेही प्यायची परवानगी असा अर्थ होत नाही. गोव्याचा पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे, त्यात २०१९ मध्ये बदल करून बीचसारख्या ठिकाणी उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं आणि हो, स्टोव्ह मांडून जेवण बनवणं पण बंद केलं. तेव्हा दंड ठेवला होता एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० रुपये, २०२५ मध्ये तो अजून बराच वाढवलाय. लायसन्स असलेल्या शॅकमध्ये किंवा बारमध्ये बसून प्यायला काही अडचण नाही, पण तीच बाटली उचलून पाण्याकडे गेलात की झालं.

आणि कडक का केलं तर काचा. वाळूत पुरलेली फुटकी बाटली दिसत नाही हो, अनवाणी पळणाऱ्या लहान पोराच्या पायात जाते ती.

अजून एक, गोव्यात वय १८ चालतं म्हणून महाराष्ट्रातही चालेल असं पण त्याच मेसेजमध्ये आहे. आपल्याकडे बिअर-वाईनला २१ आणि बाकी दारूला २५ आहे.