चाकांनी कोर्ट खराब होतं म्हणे

आज संध्याकाळी भाचीला घेऊन बॅडमिंटनच्या एका हॉलवर गेले होते, नाशिकमधलाच, नाव लिहीत नाही. ११ वर्षांची पोरगी, नवीन रॅकेट मांडीवर धरून व्हीलचेअरवर बसलेली, आणि काउंटरवरचा माणूस तिच्याकडे न बघता मला म्हणतो, "मॅडम, चाकांनी कोर्ट खराब होतं. तिला बाजूला बसून बघू द्या ना."

बाजूला बसून. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकतेय.

माझ्या दादाला पोलिओ. पीटीच्या तासाला सर त्याला ग्राउंडच्या कडेला बसवायचे आणि सगळ्या पोरांची दप्तरं, चपला सांभाळायला द्यायचे. सातवी ते दहावी. कबड्डीचे सगळे नियम पाठ होते त्याला, कोणाचा पाय रेषेला लागला ते लांबून ओरडून सांगायचा, पण उठायचं नाही कारण दप्तरं कोण बघणार!

मान्य, लाकडी कोर्टवर डाग पडतात. पुसता येतात ते.

आणि हे काही जगात कोणाला सुचलंच नव्हतं असं नाहीये. जपानमधले हाडांचे डॉक्टर युताका नाकामुरा १९६० मध्ये इंग्लंडला स्टोक मँडविलच्या हॉस्पिटलमध्ये गेले, तिथे मणक्याच्या पेशंटना उपचार म्हणून खेळवतात ते बघून आले आणि पुढच्याच वर्षी आपल्या ओइता प्रांतात अपंगांच्या स्पर्धा घेतल्या (मी अपंगच लिहितेय, दादापण तेच म्हणतो). लोकांनी नावं ठेवली, अपंगांचं प्रदर्शन मांडताय म्हणून. हा माणूस थांबला नाही. १९७५ मध्ये त्याच ओइतात पहिली फेस्पिक, म्हणजे अपंगांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, अतिपूर्व आणि दक्षिण पॅसिफिकमधले १८ देश आले. आधी आपला प्रांत, मग आजूबाजूचे देश. मला हेच पटतं, जवळचं मैदान आधी लागतं, पदक बिदक नंतर.

१९८६ मध्ये इंडोनेशियात सुराकार्ताला फेस्पिक चालू होती तेव्हा माझा दादा दप्तरं राखत होता. आज हे लिहिताना रडू येतंय खरंच.

कोणी म्हणेल, मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला पोहण्यात गोल्ड आणलंच ना. आणलं, आणि त्यांच्यापुढे मी डोकं टेकते. पण त्यांच्या मागे आर्मी होती, दादाच्या मागे कोण होतं?

२००६ ला क्वालालंपूरला शेवटची फेस्पिक झाली, फेस्पिकची संघटना आशियाई पॅरालिम्पिक कमिटीत गेली, २०१० पासून आशियाई पॅरा स्पर्धा सुरू झाल्या. आणि २०२३ ला हांगझोमध्ये ४०० मीटरचं गोल्ड कोणी घेतलं? आपल्या सुरगाण्याच्या दिलीप गावितने! एक हात नाही त्याला. तेव्हा सगळ्या नाशिकने स्टेटस ठेवले होते, त्या हॉलवाल्यांनीपण ठेवलं असेल. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात खेळाचं वेगळं कलम आहे, तरी पोरीला आत घ्यायचं नाही.

तो माणूस वाईट नव्हता. रॅम्प नाही म्हणून निघताना त्यानेच खुर्ची उचलायला हात लावला, भाचीला सॉरी पण म्हणाला. मग माझापण आवाज उतरला.

रात्री दादाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "तिला दप्तरं सांभाळायला बसवू नकोस."

तर गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, पंचवटी, कुठेही सिमेंटचं कोर्ट असेल आणि मालक हो म्हणत असेल तर प्लीज इनबॉक्स करा. संध्याकाळी ६ नंतर, तिची शाळा सुटल्यावर. जाळी आम्ही आणू.