वर्ष ठाऊक नाही, मग महिना कसा सांगता? होया दे सेरेनवरच्या आक्षेपांना उत्तर

सर,

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं शेतकऱ्यांचं प्राचीन गाव म्हणजे होया दे सेरेन. त्याच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतकी वर्षं वर्गात इतिहास शिकवलेल्या माणसाने कान धरलाय, तेव्हा दोन ओळींत भागणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: राजा नाही, शिलालेख नाही, लढाई नाही, तर याला इतिहास का म्हणायचं? ज्या गावाच्या अंताचं वर्ष नक्की नाही, त्याचा महिना आणि वेळ सांगणं म्हणजे कादंबरी. भूगोलाचं पाल्हाळ फार. आणि माया राजांची कोपानसारखी राजधानी सोडून मातीच्या चार खोल्यांवर शाई कशाला वाया घालवायची?

कादंबरीचा आरोप जास्त झोंबला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

वर्ष ठरतं ते कर्ब-१४ मापनावरून (जुन्या लाकूड-गवतातल्या किरणोत्सारी कर्बावरून वय काढतात ते), आणि ते नेमका आकडा देत नाही, पल्ला देतं: इ.स. ६००च्या आसपास किंवा त्यानंतरची काही दशकं. महिना मात्र शेतात उभा होता. राखेखाली गाडलेली झाडं कुजून गेली, पण भोवतीची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी त्या पोकळ्यांत दाताचे डॉक्टर वापरतात ते प्लास्टर ओतलं. ते आळल्यावर राख बाजूला केली, तर ताटासकट मक्याचं कणीस समोर. कणसं भरलेली होती आणि ताटं मोडून खाली वाकवलेली होती. पावसाचं पाणी कणसात शिरू नये, दाणे शेतातच वाळावेत, म्हणून मध्य अमेरिकेतले शेतकरी आजही हेच करतात. तिथे पहिली पेरणी मेच्या पावसावर होते, म्हणजे मका या अवस्थेला यायला ऑगस्ट उजाडतो.

वेळेचंही तसंच. अवजारं शेतातून परत घरात आलेली. जेवणं झालेली, पण भांडी घासायची राहिलेली. काहींत बोटांनी निपटून खाल्ल्याच्या खुणासुद्धा आहेत. झोपायच्या चटया अजून अंथरलेल्या नव्हत्या. तिन्हीसांजेनंतरचा तास-दोन तास म्हणायला याहून जास्त काय हवं? कोर्टात याच्या निम्म्या पुराव्यावर निकाल लागतात.

आता भूगोल. तो काढून टाका म्हणता, पण तो काढला तर गावच उरत नाही. हे गाव सापोतितान खोऱ्यात, सुसियो नदीजवळ. त्याआधी इलोपांगो ज्वालामुखीच्या महाभयंकर उद्रेकाने (अलीकडचं संशोधन तो इ.स. ४३१च्या आसपास ठेवतं) हा सगळा टापू राखेने झाकला होता. माती पुन्हा पिकाऊ झाल्यावर लोक येऊन वसले. मग लोमा काल्देरा हा दुसरा ज्वालामुखी फुटला, गावापासून जेमतेम ६०० मीटरवर. शिलारस आणि पाणी एकमेकांना भिडले, वाफेचे स्फोट झाले आणि बारीक, ओलसर राख झाडापानांवर गिलाव्यासारखी बसली. मधूनमधून कोरडी, जास्त तापलेली राख आणि धगधगते दगड यायचे; त्यांनी छपरं पेटली. असे आलटूनपालटून १४ थर, एकूण सुमारे पाच मीटर. नुसता लाव्हा वाहत आला असता तर मक्याचं पान कुठून मिळालं असतं? पाणी शेजारी होतं म्हणूनच ते टिकलं. इतकं टिकलं की १९७६ मध्ये धान्याच्या कोठ्यांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझरने पहिली खोली उघडी पाडली, तेव्हा ती अलीकडचीच समजली गेली. १९७८ मध्ये पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स तिथे पोचले आणि छपराच्या जळक्या गवताचं वय काढलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. पुढे यादवी युद्धामुळे काम थांबलं, ते १९८९ मध्ये पुन्हा सुरू झालं. १९९३ पासून हे एल साल्वादोरचं एकमेव जागतिक वारसास्थळ आहे.

‘अमेरिकेचं पोम्पेई’ हे बिरुद माझं नाही, आणि मला ते आवडतही नाही. पोम्पेई हे इटलीतलं रोमन शहर ज्वालामुखीच्या राखेत माणसांसकट गाडलं गेलं. इथे गावात माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. सगळे वाचले, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. वाटेत काय झालं असेल ते वेगळं. इतकंच दिसतं, की लोक चीजवस्तू तशाच टाकून पळाले.

राहिला राजा. एका कुटुंबाची राहायची खोली वेगळी, कोठार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं आणि गोल. भिंती कुडाच्या. ऑब्सिडियनची (ज्वालामुखीतून येणाऱ्या काळ्या काचेची) धारदार पाती छपराच्या गवतात खोचलेली, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. कोठारात बांधलेलं बदक. आणि या ‘मातीच्या खोल्यां’त रंगीत नक्षीची भांडी, जेड, शिवाय ग्वाटेमालातल्या इश्तेपेके डोंगराचं ऑब्सिडियन! एका घराच्या बागेत घायपाताची सुमारे ७० झाडं होती. एका घराला दोरासाठी इतकी लागत नाहीत. उरलेला वाख देऊन दुसरं काही घेतलं जात असणार. पाच किलोमीटरवरच्या सान आंद्रेसला सत्ताकेंद्र होतं, तरी हा व्यवहार ही माणसं आपापला करत होती, असं शीट्स यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. राजाच्या शिलालेखात हे सापडलं नसतं. शिलालेखात विजय असतात, वाख नसतो.

२००७ मध्ये गावाबाहेर कसाव्याचं शेतही मिळालं. वरंबे घातलेले, कंद नुकतेच काढलेले, पुढच्या पिकासाठी कांड्या लावलेल्या. माया लोकांचा हा प्रदेश नुसत्या मक्या-घेवड्यावर जगत होता, हा समज त्याने हलवला. (आपला एकादशीचा साबुदाणा याच कंदाचा, हे तुम्हाला सांगायला नको.)

कोपानवर जरूर लिहीन. पण आधीच सांगून ठेवतो, त्यातही भूगोल असणार: तिथल्या राजांच्या अक्रोपोलिसची (मंदिरं-राजवाड्यांच्या उंच संकुलाची) पूर्वेकडची बाजू कोपान नदीनेच खाल्ली, आणि १९३०च्या दशकात कार्नेगी संस्थेच्या लोकांनी नदीचं पात्र वळवलं, तेव्हा कुठे उरलेला भाग वाचला.