किल्ला दिसणारी खोली

मालवणच्या किनाऱ्यावर तुमचं आजोबांच्या वेळचं चिऱ्याचं घर असेल आणि माडांच्या फटीतून सिंधुदुर्ग दिसत असेल, तर त्या घरात स्वतः राहणं आता सोडा. तो शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. 'निवास-न्याहारी'ची पाटीही उतरवा. त्या पाटीखाली माणूस उभ्या उभ्या सुरमईच्या थाळीचा भाव विचारतो. काढायचं तर ऐतिहासिक आलिशान हॉटेल काढा. तिथे भाव विचारायची लाज वाटते, आणि सगळा धंदा त्या लाजेवर चालतो.

आदर्श ठेवावा कैरोजवळच्या मेना हाऊसचा. गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याचं शिकारीचं घर होतं, १८८६ साली त्याचं हॉटेल झालं. १९४३ मध्ये चर्चिल, रूझवेल्ट आणि चीनचे चँग कै-शेक तिथे महायुद्धाची खलबतं करायला जमले, १९७७ मध्ये इजिप्त-इस्रायलची बोलणी तिथेच झाली. मधली बरीच वर्षं ते आपल्या ओबेरॉयांनी चालवलं, तेव्हा 'आपल्याला कुठे जमतंय' हे रडगाणं नको. पण खरी मेख पुढेच आहे. पिरॅमिड दिसतो त्या खोलीचा दर जास्त, बाग दिसते तिचा कमी. साडेचार हजार वर्षं उन्हात उभं राहून खुफूच्या पिरॅमिडने एका खिडकीचा भाव वाढवला! त्यातली दमडीही तो मागत नाही. असा भागीदार तुमच्याही दारात समुद्रात उभा आहे.

चर्चिल कुठून आणायचा, असं विचाराल. तुमच्या ओसरीवर कोण कोण बसून गेलं ते आठवा. अनामत जप्त झालेला एखादा उमेदवारही चालेल. 'या झोपाळ्यावर देशाच्या भवितव्याची चर्चा झाली' अशी पितळी पाटी ठोका. चर्चा काजूबियांच्या दराची झाली असणार, पण पाटीवर जागा कमी असते. महाराज आपल्याकडे उतरले होते, असं मात्र चुकूनही म्हणू नका. शेजारीही तेच म्हणतो आहे, आणि त्याची पाटी मोठी आहे.

माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढा, चिंचेने लखलखीत घासा आणि दर्शनी भागात ठेवा. न्हाणीघरात गिझर बसवा. पाहुण्याला बंब बघायचा असतो, त्यात करवंट्या घालून धुरात डोळे चोळायचे नसतात. खळं शेणाने सारवा, पण फोटोपुरतं. वावरायला बाजूने फरशी. शेजारणीने बांगडे वाळत घातले असतील, तर त्या वासाला 'किनारी अनुभव' म्हणा आणि बिलात लावा. आजीला नऊवारी नेसवून ओसरीवर बसवा. फक्त तिने पाहुण्याला "खंयसून इलात? पगार किती?" असं विचारता कामा नये. किंवा विचारू दे. परदेशी पाहुण्याला ते लोकगीत वाटेल.

किल्ल्याची माहिती मात्र तोंडपाठ हवी, कारण पाहुणा गॅलरीतून हलणार नाही. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी, पायात ओतलेलं शिसं, ४८ एकरांचा पसारा आणि १६६७ मध्ये काम पुरं. तीन वर्षांचा हा हिशोब सांगण्याआधी पाहुणा मुंबई-गोवा महामार्गाने आला आहे का, याची चौकशी करा. त्या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तसा आला असेल तर आधी पाणी द्या, कंबर टेकू द्या, इतिहास संध्याकाळी. किल्ल्याचा मुख्य दरवाजा बाहेरून चटकन दिसत नाही, शत्रूला सापडू नये म्हणून तो तसा बांधलाय, हेही सांगा. पाहुणा दुर्बीण मागेल. दुर्बिणीचं भाडं वेगळं.

भोवती खारा समुद्र असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे ऐकून तो हरखेल आणि बाटलीबंद पाणी मागवेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरवले, त्यात सिंधुदुर्ग आहे. दर त्याच रात्री वाढवायला हवा होता. अजून वाढवला नसेल तर तुमच्यात मूळचीच खोट आहे.

पावसाळ्यात होड्या बंद होतात. भोळे लोक तेव्हा दर उतरवतात. तुम्ही चढवा. त्या दिवसांत किल्ल्यावर कोणालाच जाता येत नाही, तो नुसता दिसतो, आणि दिसतो तो तुमच्या खिडकीतून.

होड्या सुरू झाल्यावर एखादा हट्टी निघालाच, तर त्याला मालवण जेटी दाखवा, पण किल्ल्याच्या आत अजून काही कुटुंबं राहतात हे सांगू नका. किल्ला दिसणाऱ्या खोलीचे पैसे भरलेला माणूस, त्याला किल्ल्यातच राहणारं कोणी भेटलं आणि त्याने "जेवूनच जा" म्हटलं, तर परत आल्यावर तो तुमचं बिल फार बारकाईने वाचेल.