पांढरा हत्ती वगैरे ठीक, आधी रडारवरचा हार काढा

महिन्याभरात हा मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. त्यातले तिघे माझ्याच गॅरेजची गिऱ्हाइकं. मथळा असा, ‘नवी लक्झरी सेदान म्हणजे पांढरा हत्ती’. मजकूर थोडक्यात सांगतो. ‘रन-फ्लॅट’ टायर खड्ड्यात फुटतात आणि स्टेपनी नसते. बॅटरी दोन वर्षांत मरते. सेन्सर उगाच बोंबलतात. धूर साफ करायचं ॲडब्लू संपलं की डिझेल गाडी हायवेवर मधेच बंद. पावसात इंजिन गेलं तर विमा कंपनी छदाम देत नाही. बाहेर हात लावला की वॉरंटी खल्लास. सारखे रिकॉल येतात, म्हणजे कंपनी दोषापायी गाड्या परत बोलावते, म्हणजे मालच खराब. आणि तक्रार करून या मोठ्या कंपन्यांचं कोण काय वाकडं करणार?

मी पुण्यात बारा वर्षं एका अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता स्वतःचं गॅरेज चालवतो. या गाड्या बिघडतात म्हणून माझ्या घरची चूल पेटते. त्यामुळे हा मेसेज खरा असता तर मला आनंदच होता. पण यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात गिऱ्हाइकाचे पैसे जातात.

‘टायर फुटतात, स्टेपनी नसते’

फुटतात, हे खरंच. पण खापर ‘रन-फ्लॅट’वर फोडलंय ते चुकीचं. रन-फ्लॅट टायरची बाजूची भिंत जाड आणि ताठ असते, हवा गेली तरी ती गाडीचं वजन पेलते. साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत, एवढं अंतर काढून तुम्ही पंक्चरवाल्यापर्यंत पोचावं हा हेतू. म्हणून स्टेपनी देत नाहीत. जुलै २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर छोट्या वाहनाला स्टेपनी बाळगायची सक्ती राहिलेली नाही. काही कंपन्या तरी आपल्याकडे डिक्कीत बारकी स्टेपनी देतात. मग बॅग कुठे ठेवायची, ही तक्रार येते ती वेगळी.

खरा गुन्हेगार टायरच्या अंगावरच लिहिलेला आहे. २४५/४० आर १९ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या ४० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर; १९ हा चाकाचा व्यास, इंचांत. २२५/५५ आर १७ घेतलात तर तीच उंची जवळपास १२४ मिलिमीटर होते. खड्ड्याची धार आणि चाकाची अलॉय रिम यांच्यामध्ये तुम्ही इंचभर रबर कमी करून घेतलंय, मोठी चाकं दिसायला झकास म्हणून. त्यात पंपावर हवा भरताना ‘बत्तीस टाक रे’ म्हणायची सवय. दारामागच्या पट्टीवर कंपनीने आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा मागच्या चाकांना जास्त, तो वाचणारा गिऱ्हाईक मला वर्षात दोनचारच भेटतात. हवा कमी असली की भिंत रिमखाली चेपते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला फुगा येतो. असा टायर जोडता येत नाही, बदलावाच लागतो, आणि खड्ड्याचा मार ना गाडीच्या वॉरंटीत येतो ना टायरच्या. त्याच मॉडेलला इंचभर छोटं चाक कंपनी मंजूर करत असेल तर ते घ्या. शेजाऱ्याला फरक कळत नाही, कमरेला कळतो.

‘बॅटरी दोन वर्षांत मरते’

इथे जरा थांबतो, कारण मेसेजमधल्या सगळ्या मुद्द्यांत लोक इथेच जास्त फसतात.

कोथरूडचे एक काका. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आठवड्यातून दोनदा मंडईपर्यंत आणि परत. मुलाकडे अमेरिकेला दीड महिना गेले, आले तर गाडी मेलेली, दारसुद्धा किल्लीच्या आतल्या पात्यानं उघडावं लागलं. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्यानं जुनी काढून साधी ॲसिडची बॅटरी बसवली आणि वर ‘शोरूममध्ये तिप्पट घेतले असते’ म्हणाला. आठ महिन्यांत तीही गेली. मग काका माझ्याकडे आले, हातात हाच मेसेज.

या गाड्यांत ‘एजीएम’ बॅटरी असते, काचेच्या तंतूंच्या गाद्यांमध्ये ॲसिड शोषून धरलेली. सिग्नलला इंजिन बंद-चालू करण्याचा मार तिला सोसतो, साध्या बॅटरीला नाही. शिवाय ऋण टोकाला एक सेन्सर बसलेला असतो. बॅटरी किती जुनी झाली याचा हिशोब गाडी ठेवते आणि त्याप्रमाणे चार्जिंग करते. बॅटरी बदलल्यावर स्कॅनर लावून ‘नवी बसवली’ अशी नोंद करावी लागते. ती केली नाही तर गाडी नव्या बॅटरीला म्हातारी समजूनच चार्ज करत राहते. काकांच्या गाडीत नोंदही नव्हती आणि बॅटरीचा प्रकारही चुकलेला.

त्यात काकांची किल्ली लटकायची दाराशेजारच्या खुंटीवर, आणि पार्किंग भिंतीच्या पलीकडेच. किल्ली जवळ आहे असं समजून कीलेस, म्हणजे किल्ली न लावता उघडणारी, गाडी वारंवार जागी होते, तिचे कंट्रोल युनिट नीट झोपतच नाहीत. वर एक डॅशकॅम, चोवीस तास जोडलेला. मी डॅशकॅमची वायर काढली, किल्ली आतल्या खोलीत हलवली, योग्य बॅटरी बसवून नोंद केली आणि परदेशी जाताना लावून जायला पोर्टेबल चार्जर घ्यायला लावला. गाडी रोज तासभर पळत असती तर यातलं बरंच टळलं असतं. मंडईच्या दोन किलोमीटरमध्ये बॅटरीनं जेवढं दिलं तेवढंही तिला परत मिळत नाही.

‘सेन्सर उगाच बोंबलतात’

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन सकाळी आठलाच वाजतो. ‘क्रूझ बंद झालंय, ब्रेकचा काहीतरी मेसेज येतोय, नवी गाडी आहे हो!’ मी एकच विचारतो, पुढचा हार काढलात का? या क्रूझसाठी, म्हणजे वेग आपोआप सांभाळण्यासाठी, पुढच्या गाडीवर लक्ष ठेवणारा रडार जाळीत, काही गाड्यांत तर थेट बोधचिन्हाच्या मागे बसवलेला असतो. त्यावर झेंडूचा किलोभर जाड हार, आपट्याची पानं आणि ओलं कुंकू! त्याला पुढचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे तो प्रामाणिकपणे सांगतो. पूजा करा, हार बॉनेटवर घाला.

या मुद्द्यातली खरी गोम मेसेजमध्ये नाही. पुढची काच बदलली तर आरशामागचा कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे नेमका जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च एस्टिमेटमध्ये आहे का ते विचारा. न करता गाडी दिली तर लेन सांभाळणारी यंत्रणा वाकडं बघते. हेडलाइटचंही तसंच. पूर्वी बल्ब जायचा, आता एलईडीचं सीलबंद युनिट. स्कूटरच्या हँडलनं कोपरा तडकला तरी अख्खं युनिट, आणि बिल लाखात. पार्ट दुरुस्त न करता युनिटच बदलायचं, ही या गाड्यांबद्दलची माझी स्वतःची सगळ्यात मोठी तक्रार आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती सुचली नाही.

‘ॲडब्लू संपलं की हायवेवर बंद’

नाही. चालती गाडी ॲडब्लूमुळे बंद पडत नाही. हे ३२.५ टक्के युरियाचं पाणी धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला वापरतात. धुराचे बीएस-६ नियम आल्यावर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, ते आपल्याकडे नेहमीचं झालं. टाकी रिकामी व्हायच्या शेकडो किलोमीटर आधीपासून पडद्यावर इशारे यायला लागतात. ते सगळे झुगारून टाकी कोरडी केलीत आणि इंजिन बंद केलंत तर मग पुन्हा चालू होत नाही. पेट्रोल गाडीचा याच्याशी संबंधच नाही. भीती बाळगायची तर ॲडब्लू चुकून डिझेलच्या टाकीत जाण्याची बाळगा. तसं झालं तर स्टार्टचं बटण दाबू नका, टो करा.

‘पावसात इंजिन गेलं तर विमा छदाम देत नाही’

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत किती गाड्या बुडाल्या ते आठवत असेल. पूर हा नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत धरलेला धोका आहे. भिजलेल्या सीट, गालिचे, वायरिंग यांचा दावा करता येतो. अडतं ते इंजिनपाशी. पाण्यात उभी राहिलेली गाडी मालक चालू करायला जातो, हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, पाणी काही दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मी उघडलेल्या एका इंजिनमधला रॉड केळ्यासारखा बाक धरून होता. याला विमावाले ‘परिणामी नुकसान’ म्हणतात आणि साध्या पॉलिसीतून वगळतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळं कवच घ्यावं लागतं. ‘झिरो डेप’ (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कवच) घेतलंय म्हणजे हेही आलं, असा समज करून घेऊ नका. बटणस्टार्ट गाडीत बोट आपसूक बटणाकडे जातं, तेवढं आवरा.

‘बाहेर हात लावला की वॉरंटी खल्लास’

हे वाक्य मी काउंटरच्या पलीकडे बसून गिऱ्हाइकांना स्वतः ऐकवलेलं आहे, तेव्हा ते पूर्ण खोटं आहे हे माहीत नव्हतं असं आता म्हणत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यात मर्सिडीझ आणि बीएमडब्ल्यूही होत्या. आरोप असा की, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. दंडावरून पुढे अपिलं झाली. पण त्या आदेशात आयोगानं स्पष्ट म्हटलं की, बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे मी तुमचे ब्रेक पॅड बदलले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जात नाही. मी हेडलाइटसाठी वायरिंग कापलं आणि तिथे शॉर्ट झालं, तर जाते, आणि जायलाच हवी. तरी माझ्याच धंद्याविरुद्ध सांगतो, वॉरंटी संपेपर्यंत नेमाची सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा. कायदा तुमच्या बाजूनं असला तरी भांडत बसायला वेळ कुणाला आहे?

‘रिकॉल येतात, म्हणजे माल खराब’

सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूनं जाहीर केलं की, काँटिनेंटल या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून घेतलेल्या ब्रेक यंत्रणेमुळे जगभरात १५ लाखांहून जास्त गाड्यांवर परिणाम झालाय. आकडा घाबरवणारा आहे. पण दोष कळल्यावर गाड्या बोलावून फुकट तपासणाऱ्या कंपनीपेक्षा गप्प बसणारी बरी, असं म्हणायचंय का? आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सरकार सक्तीचा रिकॉल लावू शकतं, आणि दंड एक कोटीपर्यंत जातो. जुनी गाडी घेताना चॅसी नंबर देऊन रिकॉलची कामं झालीत का ते विचारा. ती फुकटच असतात.

‘मोठ्या कंपन्यांचं कोण काय वाकडं करणार’

मेसेजमध्ये याला पुरवणी जोडलीय: ‘गाडी कंपनीच्या नावावर असेल तर ग्राहक कोर्ट दारातही उभं करत नाही.’ जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेमकं याच्या उलट सांगितलं. एका कंपनीनं संचालकांच्या वापरासाठी मर्सिडीझ घेतली होती. तक्रार होती दोन सीटमधला उंचवटा तापतो अशी. ही खरेदी धंद्यातल्या नफ्यासाठी नाही, संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी आहे, म्हणून कंपनीसुद्धा ग्राहकच, असं न्यायालय म्हणालं. मात्र गाडी २००३ ची आणि निकाल २०२४ चा, हेही ध्यानात असू द्या.

मोजलेली किंमत ५० लाखांच्या वर गेली की तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे नाही, थेट राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. आपल्या चाकणला बनणारी मर्सिडीझची लांब ई-क्लास ऑक्टोबर २०२४ मध्ये आली तीच ७८.५ लाखांना, एक्स-शोरूम. तेव्हा या वर्गातल्या जवळपास प्रत्येकाला तिथेच जावं लागणार. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

आणि तिथे उपयोगी पडतं ते जॉब कार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार लिहून सही करायचा कागद. आवाज येतो म्हणून तुम्ही चारदा गाडी नेता, ॲडव्हायझर चारदा ‘जनरल चेकअप’ लिहितो, गाडी धुऊन परत देतो. मीही लिहायचो, वरून तसंच सांगितलेलं असायचं. दोन वर्षांनी तुमच्या हातात चार कागद, आणि आवाजाचा उल्लेख एकावरही नाही. सही करण्याआधी पेन मागून घ्या आणि तुमच्या शब्दांत, मराठीत का होईना, तिथेच लिहा: ‘गतिरोधकावर डाव्या पुढच्या चाकातून खट्ट आवाज, तिसऱ्यांदा.’ काउंटरवरचा मुलगा जरा चेहरा वाकडा करेल. मीही करायचो.